एक जूनच्या दोघी

चालू यंत्राला हात लावू नये, असं माझे वडील म्हणायचे. त्यांचे चार यंत्रमाग होते, त्यांना ते म्हणणं परवडत होतं. माझं पोट नेमकं चालू यंत्राला हात लावण्यावर आहे. सोलापुरातल्या दोन शिक्षणसंस्था आणि एक धर्मादाय दवाखाना यांचे सर्व्हर मी सांभाळते. सांभाळते म्हणजे काय, तर सगळं नीट चालू असतं तेव्हा मला कुणी चहासुद्धा विचारत नाही, आणि बंद पडलं की दर दहा मिनिटांनी फोन येतो, "मॅडम, कधी होणार?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. झाल्यावर होणार! दुसरं काय सांगू? आमच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि भांडायला दोन्ही, त्यामुळे माझ्या तोंडाला सहसा कुणी लागत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. पुढं जे झालं त्याला माझं तोंडच कारण होतं, म्हणून आधी सांगून टाकते.

त्या दोन संस्थांपैकी एकीच्या खेड्यापाड्यांत माध्यमिक शाळा आहेत. पोरं मिळेनात म्हणून त्यातल्या दोन-तीन बंद पडल्या. शाळा बंद झाली तरी जुने विद्यार्थी दाखला मागायला यायचे थांबत नाहीत. मग त्या शाळांची जनरल रजिस्टरं, म्हणजे पोरगं शाळेत आल्यापासून जाईपर्यंतची सगळी नोंद ज्यांत असते त्या जाडजूड वह्या, सोलापूरच्या ऑफिसात आणून लोखंडी कपाटात ठेवली. त्यावरून दाखले छापायचा प्रोग्राम अकरा वर्षांपूर्वी मीच करून दिला. कोरे दाखले इकडेतिकडे फिरायला लागले होते, म्हणून संस्थेनं नियम केला की हातानं लिहिलेला दाखला बंद. प्रोग्राममधून छापून येईल तोच खरा.

हा प्रोग्राम मी एका फ्रेमवर्कवर बांधला होता. फ्रेमवर्क म्हणजे तयार माग समजा. धागा तुमचा, नक्षी तुमची, पण उभा-आडवा सांगाडा दुसऱ्यानं करून ठेवलेला. काम झटपट होतं. पंचाईत एवढीच की तो माग ज्या जमिनीवर उभा आहे ती बदलली की त्याचे पाय लटपटायला लागतात. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम इतकी जुनी झाली होती की तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणंच बंद झालं होतं. आज ना उद्या कुणीतरी आत घुसणार, हे दिसत होतं. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत ऑफिस बंद असताना मी ती बदलायला घेतली.

बदलली, चालू केली, प्रोग्राम उघडला, तर समोर नुसतं पांढरं पान. चूक सांगणारं पान एक वेळ बरं, ते निदान भांडतं तरी. पांढरं पान म्हणजे तोंड फिरवून बसलेली सून. जुनं फ्रेमवर्क ज्या ज्या गोष्टींवर विसंबून होतं त्यातल्या निम्म्या नव्या सिस्टीममधून काढूनच टाकलेल्या. एक दुरुस्त केली की दुसरी बोंब मारायची. तीन दिवस मी फराळाचं ताट मांडीवर घेऊन हेच करत बसले. यांनी एकदा विचारलं, "पाडव्याला मला ओवाळणार आहेस का त्या डब्यालाच?" मी म्हटलं, त्यालाच ओवाळते, तो निदान मला प्रश्न विचारत नाही.

शेवटी जुनं फ्रेमवर्क टाकून त्याचीच नवी आवृत्ती बसवली, आणि तिनं एक नवाच हट्ट धरला. प्रत्येक नोंदीची स्वतःची, दुसऱ्या कुणाची नसेल अशी ओळख तिला पाहिजे होती. जुनं भोळं होतं, जे दिलं ते गिळत होतं. मी म्हटलं, ठीक आहे. मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख. ही चारही जुळली की माणूस एकच. लावला नियम. तर चौदा ठिकाणी गाडी अडली. चौदा नावं दोन-दोनदा.

मला हसूच आलं. अकरा वर्षांपूर्वी या नोंदी भरायला रोजानं पोरं बसवली होती. त्यांनी चहाला उठून परत बसताना तीच ओळ पुन्हा भरली असणार, मी धरूनच चालले. पहिली ओळ ठेवायची, दुसरी उडवायची, असा दोन ओळींचा हुकूम लिहिला आणि प्रोग्राम चालू झाला. सुट्टी संपून ऑफिस उघडलं होतं. माझ्या मागं संस्थेचे भाऊसाहेब उभे होते. भाऊसाहेब म्हणजे आमचे क्लार्क. तीस वर्षं त्या कपाटांची राखण केलेला, हळू बोलणारा माणूस. ते म्हणाले, "मॅडम, ते चौदा एकदा रजिस्टरात बघू का?"

"भाऊसाहेब," मी म्हटलं, "तीन दिवस झाले माझी पाठ सरळ नाही. आता ते तुमचं वाळवीचं कपाट उघडायला लावू नका मला."

ते गप बसले. माझ्यापुढं सगळेच गप बसतात.

त्यानंतर आठवडाभरानं, एका मंगळवारी, प्रिंटर नीट चालतोय का बघायला मी ऑफिसात गेले होते. अकराच्या सुमाराला एक बाई आल्या. चाळिशीच्या आतबाहेर, डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकची फाइल, पायांत धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. मंगळवेढ्याकडच्या गावातून सकाळची पहिली एसटी धरून आल्या होत्या. त्यांची शाळा म्हणजे आमच्या बंद पडलेल्या शाळांपैकीच एक. मूळ दाखला पत्र्याच्या पेटीत होता, तो वाळवीनं खाल्ला. आता दुय्यम पाहिजे होता. अर्ज, प्रतिज्ञापत्र, सगळं फाइलीत अगदी लावून आणलेलं.

भाऊसाहेब कागद बघत होते तेवढ्यात त्या आपणहून सांगायला लागल्या. नऊ वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून होत्या. खिचडी शिजवायची, पोरं गोळा करायची, झाडलोट करायची. धाकटा पोरगा पोटात असताना बाहेरून बारावी केली. आता त्यांच्याच अंगणवाडीतली सेविका निवृत्त झाली होती आणि त्या जागेच्या यादीत बाईंचं नाव पहिलं लागलं होतं. मूळ कागद दाखवायचा शेवटचा दिवस तो, मंगळवारच. संध्याकाळी पाचच्या आत तालुक्याच्या ऑफिसात दाखला पोचला नाही तर जागा यादीतल्या दुसऱ्या बाईला.

"आधी का नाही आलात?" मी विचारलं. माझा स्वभाव!

"दोनदा आले की मॅडम. एकदा सुट्टी व्हती, एकदा म्हनले कॉम्प्युटरचं काम चालू हाय."

म्हणजे दोन्ही वेळा मीच. मी प्रिंटरकडं बघायला लागले.

भाऊसाहेबांनी नाव घातलं, दाखला छापला, सचिवांची सही आणून बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो उभ्यानंच, ओळीखाली बोट धरून वाचला. मग परत पहिल्यापासून वाचला. आणि टेबलावर ठेवला.

"ह्यो माजा न्हाय."

"नाव बघा की तुमचंच आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"नाव माजंच हाय. पर हितं सातवीत शाळा सोडली म्हनतंय. मी धावी झालीया. ही बघा की मार्कशीट."

दहावीची मार्कशीट फाइलीत होतीच. आता मी मध्ये पडायची काही गरज नव्हती. पण राहवेल तर ना! तीन दिवस खपून उभं केलेलं काम, आणि दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी येऊन त्यात खोट काढतंय. मी उठून टेबलाशी गेले आणि म्हणाले, "बाई, नाव तुमचं, वडलांचं नाव तुमचं, आडनाव तुमचं, जन्मतारीख तुमची. आणखी काय पाहिजे? रजिस्टरातच चूक असेल तर कॉम्प्युटर काय करणार?"

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "मॅडम, ही दुसरी हाय. आमी दोघी व्हतो."

"दोघी म्हणजे?"

"एकाच नावाच्या. भावकीतल्या. तिचा बा न् माजा बा चुलत-चुलत भाऊ. दोघास्नी बी पणज्याचं नाव ठिवलेलं. आन आमी दोघी देवीच्या नवसाच्या, म्हून आमचं बी नाव एकच."

"आणि जन्मतारीख पण एकच? दोघी एकाच दिवशी जन्मल्या?"

"आता ती तारीख गुरुजींनी घातल्याली. आईला कुटं ठावं."

भाऊसाहेब उठले. किल्ल्यांचा जुडगा काढला, आतल्या खोलीत गेले आणि पाच मिनिटांनी धूळ झटकत ते रजिस्टर घेऊन आले. पान काढून माझ्यासमोर आडवं केलं.

एकाखाली एक दोन ओळी. नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तेच. पाचवीत प्रवेश एकाच दिवशी. आईच्या नावाचा रकाना त्या काळच्या रजिस्टरात नव्हताच. नाहीतर तिथं तरी फरक दिसला असता. आणि जन्मतारीख, दोघींची, एक जून. मी पानावर वरपासून खालपर्यंत नजर टाकली. एक जून. एक जून. सात जून. एक जून. अर्ध्याहून जास्त पान एक जूनला जन्मलेलं.

अय्योऽ, असं माझ्या तोंडून निघालं ते खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

कारण हे मला कुणी सांगायला नको होतं. माझीच जन्मतारीख एक जून आहे! आईला विचारलं की ती म्हणायची, तू झालीस तेव्हा गिरणीचा संप मिटला होता. संप नेमका कधी मिटला ते तिला सांगता यायचं नाही. शाळेत घालताना गुरुजींनी माझा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघितला, लागला, म्हणजे सहा पूर्ण. जूनमध्ये शाळा सुरू, तेव्हा सहा पूर्ण होण्यासाठी एक जून लिहून मोकळे झाले. दर वर्षी एक जूनला माझ्या फोनवर केकची चित्रं येतात आणि मी सगळ्यांना आभार म्हणून टाकते. माझ्या पिढीत, आमच्या भागात, निम्मं जग एक जूनचं आहे. आणि मी शहाणी, जन्मतारीख जुळली म्हणजे माणूस एकच, असा नियम लिहून बसले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ज्या ओळी मी चहाला उठणाऱ्या पोरांच्या माथी मारल्या, त्या चौदा माणसं होती. त्यातली एक माझ्यासमोर फाइल धरून उभी होती आणि तिला पाचच्या आत मंगळवेढा गाठायचं होतं.

"थांबा, बॅकअप आहे," मी म्हटलं. बॅकअप घेतल्याशिवाय मी सर्व्हरला हात लावत नाही, याचा मला फार अभिमान. उघडला. बाईंची ओळ होती त्यात. तारीख दिसत होती, आकडे दिसत होते, आणि जिथं जिथं मराठी अक्षर असायला पाहिजे तिथं प्रश्नचिन्हं. ओळभर प्रश्नचिन्हं. बॅकअप घेताना अक्षरांची सेटिंग बघायची राहून गेली होती. मी कपाळावर हात मारला. बाईंना वाटलं माझं डोकं दुखतंय, त्यांनी त्यांच्या पिशवीतली पाण्याची बाटली पुढं केली. मघाशी मी या बाईंवर ओरडले होते. मला त्या बाटलीकडं बघवेना.

बारा वाजून गेले होते. भाऊसाहेब म्हणाले, "रजिस्टरावरून परत भरू की. एकच ओळ आहे." बरोबर होतं. त्यांनी वाचलं, मी टाइप केलं, बटण दाबलं. प्रोग्रामनं उत्तर दिलं, ही नोंद आधीच आहे.

असणारच. माझाच नियम.

मग मला सोपा रस्ता दिसला आणि खरं सांगते, त्यात काही वावगं आहे असं मला वाटलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "हे बघा, दुसरीची ओळ आहे ना, तिच्यावरच यांची माहिती चढवते. सातवीच्या जागी दहावी, तारखा बदलते. पाच मिनिटांत दाखला हातात. अडीचची गाडी आरामात मिळेल."

"मग ती?" बाईंनी विचारलं.

"ती म्हणजे?"

"तिची वळ ऱ्हाईल का?"

"ती नंतर बघू. सातवीचा दाखला मागायला आता कोण येतंय?"

"ती न्हाय यायची," बाई म्हणाल्या. "ती मेली मॅडम. लगीन झाल्यावर वरसाच्या आत, पयल्या बाळातपणात. बाळ बी गेलं."

भाऊसाहेब चष्मा पुसत, हळूच म्हणाले, "मग तर बाई, अडचण काहीच नाही. तुमचं काम होऊन जाऊ द्या."

"न्हाय," बाई म्हणाल्या. "तिला पुसून मला लावू नगा."

मला वाटलं बाईंना कळलं नाही. मी समजावून सांगितलं. कागदावरच्या रजिस्टरात तिची नोंद आहे तशीच राहणार आहे, फक्त कॉम्प्युटरातली जाईल, आणि तीही काही दिवसांनी परत भरता येईल.

"कोण भरनार?" बाईंनी विचारलं. "मी गेल्यावर कोण भरनार हाय तिला? तुमी?"

मला माहीत होतं ना, मी काय करते ते. काम चाललं की मी पुढच्या कामाला लागते.

"तुमची जागा जाईल की हो," भाऊसाहेब म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "नऊ वर्षं खिचडी ढवळलीत ना? तुमच्या लेकरांचा विचार करा."

"लेकरांचाच करायलीय. ती बी लेकरूच व्हती," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण आवाज तसाच. "भाऊसाहेब, तिचं नाव कुटंच न्हाय. सासरच्या रेशन कार्डात चढायच्या आदीच गेली. माहेरच्या कार्डातनं लगीन झालं तसं काढलं. फटू न्हाय तिचा. तिची आई बी गेली आता. हितं हाय तेवढंच. ह्या वहीला वाळवी लागली म्हंजे? माज्या पेटीला लागलीच की."

एवढं बोलून त्या बाकावर जाऊन बसल्या. फाइल मांडीवर, हात फाइलीवर.

माझ्या आयुष्यात माझ्यापेक्षा हट्टी माणसं मी फार बघितली नाहीत. राग आला मला, खोटं कशाला बोलू. आपला पाय खड्ड्यात आणि ही बाई दुसरीची काळजी करतेय! दुसऱ्या क्षणी माझी मलाच लाज वाटली, आणि ती लाज घेऊनच मी खुर्चीत बसले. भाऊसाहेबांना म्हटलं, "दार लावून घ्या. आणि कुणी विचारलं कधी होणार, तर त्याला माझ्याकडं पाठवू नका."

करायचं काय ते तसं स्पष्ट होतं. माणसाची ओळख नावावरून आणि तारखेवरून धरायची नाही. रजिस्टरचा नंबर धरायचा. प्रत्येक पोराला शाळेनं एक नंबर दिलेला असतो. तो दुसऱ्या कुणाला कधीच देत नाहीत. शाळा आणि रजिस्टर नंबर, बास. मास्तरांनी ही सोय कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधी करून ठेवली होती. तो नंबर माझ्या प्रोग्राममध्ये एका कोपऱ्यात पडून होता आणि मी त्याला कधी भाव दिला नव्हता. पण आता माझा शहाणा नियम प्रोग्राममध्ये अकरा ठिकाणी घुसलेला. शोधताना, भरताना, छापताना, सगळीकडं. एक बदलला की दुसरीकडं मोडायचं.

एक वाजला. शोध चालायला लागला. दीड वाजता भरणं चालायला लागलं, छापणं बंद पडलं. भाऊसाहेबांनी डबा उघडून अर्धी भाकरी आणि शेंगाचटणी बाईंना दिली. त्या नको म्हणाल्या, मग खाल्ली. पावणेदोनला छापणं चालू झालं आणि दाखल्यावर नावाच्या जागी परत प्रश्नचिन्हं आली. मी तेलुगूत जे काही बोलले ते लिहिता येणार नाही. भाऊसाहेबांना तेलुगू कळतं, ते खिडकीबाहेर बघायला लागले.

सव्वादोनला अक्षरं आली. मी भाऊसाहेबांना म्हटलं, वाचा. त्यांनी रजिस्टरातली बाईंची ओळ वाचली, मी भरली, बटण दाबलं. या वेळी प्रोग्राम काही बोलला नाही. पडद्यावर दोन ओळी एकाखाली एक आल्या. नावं सारखी, तारखा सारख्या, नंबर वेगळे.

"या, बघा," मी बाईंना हाक मारली. त्या उठून आल्या, पडद्याला हात न लावता दोन्ही ओळींवरून हवेतच बोट फिरवलं. "ही ती, ही मी," म्हणाल्या. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा नीट बघितला.

दाखला छापला. पण सचिव जेवायला घरी गेलेले! भाऊसाहेब, वय वर्षं सत्तावन्न, सायकल काढून त्यांच्या घरी सही आणायला गेले. ते परत येईपर्यंत अडीचची गाडी गेली. शिक्का मारला, कागद फाइलीत घातला, मी बाईंना स्कूटरवर मागं बसवलं आणि स्टँडवर नेलं. वाटेत प्रत्येक सिग्नलला मी शिव्या दिल्या. तीनच्या गाडीत त्या चढल्या. गर्दीतून वळून म्हणाल्या, "तुमचा नंबर द्या की मॅडम." मी ओरडून सांगितला, त्यांनी तोंडानं म्हणत म्हणत पाठ केला. गाडी हलली.

मी ऑफिसात परत आले. घरी जायला पाहिजे होतं, पण जाववेना. भाऊसाहेबांनी बाकीच्या तेरा जणांची रजिस्टरं काढून टेबलावर रचली होती. त्यांनी वाचायचं, मी भरायचं. दर दहा मिनिटांनी मी घड्याळ बघत होते. साडेचार झाले. पावणेपाच. रस्त्यात कुठं काम चालू असलं तर? गाडीच बंद पडली तर? त्या बाईंची जागा गेली असती तर ती माझ्यामुळं गेली असती. हे मला कुणी बोललं नसतं, आणि तेच मला सोसणार नव्हतं.

पाचला सात मिनिटं कमी असताना फोन वाजला. अनोळखी नंबर.

"घेतला मॅडम कागद," बाई म्हणाल्या. दम लागला होता. "स्टँडावरनं पळतच आले. सायबांनी बघितला, मार्कशीटला लावून बघितला, शिक्का मारला. म्हनले, जावा आता, आर्डर यील."

मी भाऊसाहेबांकडं बघून मान हलवली. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि डोळे टिपले. मी म्हटलं, "बाई, मघाशी मी तुम्हाला फार बोलले. चूक माझी होती. तुमचं काही चुकलं नव्हतं."

"जाऊ द्या की. तिची वळ हाय न्हवं?"

"आहे. समोरच आहे."

"वाचा की जरा. मला ऐकायचीय."

मी वाचायला लागले. नाव. वडिलांचं नाव. आडनाव. जन्मतारीख एक जून. प्रवेश इयत्ता पाचवी. प्रगती बरी. वर्तणूक चांगली. शाळा सोडताना इयत्ता सातवी. बाई प्रत्येक शब्दाला हूं म्हणत होत्या. मग शेवटचा रकाना आला. तो मी सकाळपासून दोनदा डोळ्यांखालून घातला असेल, पण वाचला नव्हता. शाळा सोडण्याचे कारण: सतत गैरहजर.

फोनमध्ये रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आला.

"खोटं हाय त्ये," बाई म्हणाल्या. "एक दिस चुकली न्हाय ती. लगनादिवशी सकाळी बी आलती शाळंत. हळदीचं अंग घिऊन, दप्तर घिऊन, आन येऊन माज्या शेजारी बसली. हजेरी झाली. तिनं हजर म्हनलं. गुरुजी खाली बघत व्हते. मग तिचा बा आला न् तिला हाताला धरून न्हेली."

मी रजिस्टर जवळ ओढून त्या रकान्यावर बोट ठेवलं. बाईंनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.